ग्रीस नको, तेल

गाडी बघायला निघताना मी फ्रिजवरचा गणपती खिशात घालायचो. त्यात भक्तिभाव काही नव्हता. तुळशीबागेतून आणलेला दीड इंचाचा गणपती, पाठीला चुंबक. रुमालात गुंडाळून तो गाडीच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवायचा. धरून राहिला तर खाली लोखंड आहे. घसरला तर खाली लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे आणि वर नुसता रंग. पन्नाशीला टेकलेली गाडी घेताना माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा या गणपतीचा उपयोग जास्त झाला.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, कापडी टपाची, बसल्यावर ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यात तीन लाखांहून जास्त बनल्या. आम्ही राहतो लेमिंग्टन स्पामध्ये, कॅनलीपासून गाडीने वीसेक मिनिटांवर. या भागात पुण्याहून आलेले मोटारवाले इंजिनिअर इतके आहेत की भाजी घेताना मराठी कानावर पडली तर कुणी वळूनही बघत नाही. त्यातल्या निम्म्यांनी मला सांगितलं, माझदा एमएक्स-५ घे. चालू होते, गळत नाही, गंजते तेवढी फक्त. उरलेले म्हणाले, जुनी इंग्लिशच हवी तर एमजीबी घे, दणकट आहे आणि अख्खी बॉडीसुद्धा नवी मिळते. सल्ला चुकीचा नव्हता. पण मला उन्हाळ्यातली गाडी हवी होती यात अर्धंच खरं होतं. मला नानांची गाडी हवी होती.

नाना म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याकडे फिकट राखाडी स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासला बनायची ती. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ ची, जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखलेली. पुढे ट्रायम्फने त्याच हेरल्डची चासी आखूड केली, मिकेलोत्तीकडूनच तिला नवा अंगरखा शिवून घेतला आणि स्पिटफायर म्हणून विकली. त्यामुळे दोन बहिणींचं नाक सारखं. कडेच्या दोन कड्या उघडल्या की दिवे-मडगार्डांसकट अख्खा पुढचा भाग पुढे उलटतो आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं उघडं पडतं. आमचे मिस्त्री पुढच्या टायरवर मांडी ठोकून बसायचे आणि काम करायचे. नाना शेजारी हाताची घडी घालून उभे. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "मिस्त्री, खाली ग्रीस नको हं, तेल." मिस्त्री न बघता मान हलवत. मी आठ-नऊ वर्षांचा. म्हाताऱ्याचा हट्ट, यापलीकडे मला त्यात काही दिसलं नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, नानांची गाडी नेणाऱ्या भंगारवाल्याला वर आपणच चहा पाजला होता. आणि तू त्यासाठी पाच हजार पौंड देणार?"

पहिली गाडी वूस्टरशायरमधली. लाल, फोटोत काचेसारखी चमकणारी. बायको म्हणाली, छान आहे की रे. छान होतीच. पण मी वाचून गेलो होतो की आधी दार बघायचं. स्पिटफायरची चासी म्हणजे नुसता पाठीचा कणा, मधोमध. बाजूंना तिला बरगड्या नाहीत. मधल्या भागाला ताठपणा देतात त्या दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या; इकडे त्यांना सिल म्हणतात. इतर गाड्यांत सिल गंजलं तर शोभा जाते, हिच्यात गाडी मधोमध वाकते. वाकली की दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद होते. या लाल गाडीची मागची फट खाली करंगळी जाईल एवढी आणि वर पोस्टकार्डही अडकेल अशी. मग रुमालातला गणपती काढला. सिलवर टेकवला, सोडला, आणि तो घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली गवतात गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा गेला. विकणारा म्हणाला, "थोडं कॉस्मेटिक काम झालंय तिथे." दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्ही सिल नवीन घालायची तर गाडीला आतून आधार देऊन, दारांच्या फटी सांभाळत कापाकापी करावी लागते; ती न सांभाळता वेल्डिंग केलं तर गाडी वाकडीच कायमची पक्की होते. मुलगी बघून आल्यावर म्हणतात तसं "कळवतो" म्हणालो आणि निघालो.

परतताना बायको म्हणाली, "देवाला असं गवतात पाडू नकोस रे." तेव्हापासून रुमालाला गाठ मारायला लागलो.

मधल्या काळात मी बघायला जाण्याआधी घरी बसून गाडीची पत्रिका मांडायला शिकलो. इथे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, २००५ पासूनचा इतिहास निघतो. कधी नापास झाली, कशाने, तेव्हा किती मैल झाले होते. एका जाहिरातीत "कायम गॅरेजमध्ये ठेवलेली" असं लिहिलं होतं आणि पत्रिकेत चार वर्षं ओळीने "मागच्या भागात गंज". चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, मोठे फेरफार केलेले नसले तर. त्यामुळे बऱ्याच गाड्यांची पत्रिका २०१८ ला थांबते. सक्ती नसताना जो माणूस दरवर्षी स्वखुशीने तपासणी करून घेतो, त्याच्याकडे आधी जावं, हा माझा हिशोब. तो बरोबर ठरला, पण एक गाडी उशिरा.

ती मधली गाडी श्रॉपशायरमध्ये. पांढरी, पत्रा अव्वल, गणपती जागचा हलला नाही. १५०० सीसीचं इंजिन. या इंजिनाचं एक दुखणं प्रसिद्ध आहे. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पुढेमागे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला अर्धचंद्रासारख्या दोन चकत्या असतात. क्लच दाबला की त्यांच्यावर जोर येतो. झिजत झिजत त्या इतक्या पातळ होतात की खाली तेलात पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो. तपासायची पद्धत सोपी. एकाने आत बसून क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने पुढे उभं राहून क्रँकच्या पुलीकडे बघायचं. बायको आत बसली. "दाब. सोड. दाब." पुली प्रत्येक वेळी पुढे आली आणि मागे गेली, साध्या डोळ्यांना दिसेल इतकी. विकणाऱ्याला बोलावून दाखवलं. त्या बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

तरी पत्रा इतका चांगला होता की मी मनात इंजिनाचा खर्च वजा करायला लागलो होतो. जाता जाता विचारायचं म्हणून विचारलं, पुढच्या ट्रनियनची काय निगा राखता? तो छाती काढून म्हणाला, "दरवर्षी भरपूर ग्रीस मारतो. दाबून."

ट्रनियन म्हणजे पुढच्या चाकाच्या बुडाशी असलेला पितळेसारखा पिवळा, मुठीएवढा तुकडा. चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर असतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि तो या तुकड्यात बोल्टसारखा फिरवून बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा तो दांडा त्या आट्यांत फिरतो. म्हणजे गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं वजन आणि वळणं, दोन्ही त्या आट्यांवर. कारखान्याच्या पुस्तकात लिहिलंय की इथे गिअर ऑइल घाला, जाड, ईपी-९० चं. तेल आट्याआट्यांतून वर चढतं. ग्रीस तोंडाशीच गोळा होऊन बसतं, आत कोरडं राहतं, पाणी शिरतं, आटे गंजतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी, बहुधा पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना, दांडा तुटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं.

मी त्या माणसाच्या अंगणात उभा होतो आणि मला नाना दिसत होते, हाताची घडी घातलेले. हा भाग हेरल्डकडून स्पिटफायरकडे जसाच्या तसा आलेला. चाळीस वर्षं ज्याला हट्ट समजलो ते कारखान्याच्या पुस्तकातलं वाक्य होतं. पांढऱ्या गाडीलाही "कळवतो" म्हणालो, पण या वेळी त्याला ट्रनियनचं सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून. गाडी घ्यायची नसली तरी ते सांगणं भाग होतं.

तिसरी नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या एका गावात. १९७८ ची, पिवळी. ट्रायम्फच्या यादीत त्या रंगाचं नाव इन्का यलो, आपल्याकडे लिंबकांतीचा पिवळा म्हणतील. विकणारे निवृत्त शाळामास्तर, पंचाहत्तरीचे. फोनवर मी एकच विनंती केली होती, गाडी आधी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. गार. गरम इंजिन सगळे दोष झाकतं. गार इंजिनाला खोटं बोलता येत नाही.

फोटोत ती दोन्ही आधीच्या गाड्यांपेक्षा डावी दिसली असती. रंग विटलेला, डाव्या मडगार्डवर ओरखडा, ड्रायव्हरची सीट उसवून पुन्हा शिवलेली. मास्तरांनी मला आधी दोष दाखवले. मागच्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढी लांबी आहे, डाव्या सिलला एक पत्र्याचा तुकडा जोडलाय, पन्नास मैलांच्या वेगाला डिफरन्शिअल गुणगुणतं. गणपती बरोबर तळहाताएवढ्या जागीच घसरला. दाराच्या फटी वर-खाली सारख्या. बायकोने क्लच दाबला, पुली जागची हलली नाही. २००९ मध्ये चकत्या बदलल्याची पावती होती. १९९९ ची एक पावती सिलिंडर हेडची, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्याची. शिसंवालं पेट्रोल इथे १ जानेवारी २००० पासून बंद झालं, त्याच्या तोंडावर केलेलं काम.

मग मी ट्रनियनचं विचारलं. ते काही बोलले नाहीत. गॅरेजच्या फळीवरून एक ग्रीस गन खाली घेतली. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "फक्त तेल". शेजारी शाळेची जुनी वही. तारीख, मैल, काय केलं. पानंच्या पानं भरलेली, आणि दर काही ओळींनी तीच नोंद, ट्रनियन, तेल. मी वही चाळत राहिलो. माझ्या मागे बायको हळूच म्हणाली, "घेतलीस ना? आता निदान किमतीचं तरी बोल."

आधी चालवली. चोक पूर्ण ओढून दुसऱ्या फिरकीला लागली. निळा धूर नाही. आत बसायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर, मग डोकं. स्टिअरिंग हलकं, ब्रेकला मात्र पाय लावून दाबायला लागतं. आजच्या गाडीची सवय असेल तर पहिल्या चौकात जीव मुठीत येतो. गिअरच्या मुठीवरच ओव्हरड्राइव्हचं बटण. चौथ्यात सत्तरच्या वेगाला इंजिन चार हजारांच्या आसपास किंचाळत असतं. बटण सरकवलं की एक बारीक धक्का, काटा तीन हजारांवर आणि माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. ओव्हरड्राइव्ह नसलेली स्पिटफायर स्वस्त मिळते. मोटरवेवर जाणार नसाल तरच घ्यावी.

इंग्रज माणूस घासाघीस करत नाही हा गैरसमज आहे. करतो, फक्त हवामानाबद्दल बोलत बोलत करतो. त्यांनी साडेपाच हजार मागितले, मी पाच म्हणालो. पावसावर बोलणं झालं. पाच हजार दोनशे, आणि सुट्या भागांचं खोकं व वही सोबत. हात पुढे करण्याआधी त्यांनी एकच विचारलं, "रात्री कुठे ठेवणार, आत की बाहेर?" आत, म्हणालो. गॅरेजमधले आमचे खोके आणि वॉशिंग मशीन कुठे जाणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

कागदपत्रं वाटलं त्यापेक्षा सोपी निघाली, पण क्रम चुकवून चालत नाही. विमा आधी. जुन्या गाड्यांचा विमा वेगळा मिळतो. वर्षाला तीन हजार मैलांची मर्यादा घातली, घरात रोजची दुसरी गाडी आहे असं दाखवलं, आणि हप्ता रोजच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी आला. किंमत मात्र आधी ठरवून लिहून घ्यायची, फोटो पाठवून. नाहीतर अपघात झाला की कंपनी "बाजारभाव" काढते आणि तो काढणारा माणूस स्पिटफायरला जुनी गाडी समजतो, क्लासिक नव्हे. चाळीस वर्षांवरची असल्याने रस्ता कर शून्य. पण शून्य असला तरी भरावा लागतो! मास्तरांच्या स्वयंपाकघरात बसून लॉगबुकातल्या हिरव्या चिठ्ठीवरचा बारा आकडी क्रमांक फोनवर टाकला, शून्य पौंड भरले आणि मगच गाडी रस्त्यावर आणली. लॉगबुकावर माझं नाव येतं ते गाडी सांभाळणारा म्हणून, मालक म्हणून नव्हे. तसं त्यावर छापलेलंच असतं. म्हणून सही केलेली पावती वेगळी घेतली.

मग उन्हाळा. पेट्रोलपंपावर आता साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून हिला महागडं पाच टक्केवालं पाजायचं. फॉस वे हा रोमन लोकांनी आखलेला रस्ता आमच्या घराजवळून जातो, सुतासारखा सरळ, चढ-उतारांचा. त्याने खाली मोर्टन-इन-मार्शला, तिथून ब्रॉडवेकडे फिश हिलचा घाट उतरायचा. वेग पंचेचाळीस-पन्नास. सत्तर वाटतात. कापलेल्या गवताचा वास, मग एकदम शेणखताचा, मग झाडाखालून गेलं की गार पाण्यात हात घातल्यासारखी हवा. बंद गाडीतून याच रस्त्याने अकरा वर्षं गेलो होतो. रस्त्याला वास असतो हे माहीत नव्हतं. शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट आपल्या डोळ्यासमोर. समोरून दुसरी जुनी गाडी आली की हात करायचा, न केल्यास उद्धटपणा.

जूनमधल्या एका मंगळवारी मोर्टनला बाजार होता आणि नेमका त्या गर्दीत डावा इंडिकेटर पिसाटल्यासारखा लुकलुकायला लागला, मग मागचा दिवा गेला. ल्युकास, म्हणजे जुन्या इंग्लिश गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी; तिच्या वायरिंगवरचे विनोद मी तोपर्यंत चवीने सांगत असे. टोपल्यांच्या दुकानाशेजारी गाडी लावून डिकी उघडली. दिव्यामागची काळी वायर, म्हणजे अर्थिंग, जिथे पत्र्याला लागते तिथे हिरवट बुरशी. खोक्यात मास्तरांनी पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला होता. चार वेळा घासलं, स्क्रू आवळला, दिवा लागला. एवढ्यात पाऊस. टप चढवायला मास्तरांना एक मिनिट लागलं होतं. मला नऊ मिनिटं लागली आणि तोवर भिजायचं काही शिल्लक नव्हतं. टोपलीवाल्या बाईंनी आम्हाला ताडपत्रीखाली घेतलं आणि त्यांच्या वडिलांकडे स्पिटफायर होती हे सांगितलं. हे रोज ऐकायला मिळतं. या देशात प्रत्येकाच्या वडिलांकडे स्पिटफायर होती आणि प्रत्येकाने ती विकली.

ऑगस्टात तेलाची पाळी आली. बॉनेट उलटवलं, टायरवर बसलो. बूड बरोबर मावतं, जणू जागा त्यासाठीच ठेवलीय. ट्रनियनचा छोटा स्क्रू काढून निप्पल बसवलं, गन लावली, दाबत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग वरच्या रबरी सीलच्या कडेने काळं, जुनं तेल डोकावलं, त्यामागून नवं, मधासारखं. आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "तो मिस्त्री नाना आत गेले की ग्रीसच मारायचा. आम्ही वरून बघायचो."

त्या संध्याकाळी कॅनलीला गेलो. कारखाना कधीच पाडला. तिथे आता कचेऱ्या आणि गोदामं आहेत आणि त्यांच्यामधून एक रस्ता जातो, त्याचं नाव हेरल्ड अ‍ॅव्हेन्यू. सुटीचा दिवस, चिटपाखरू नाही. पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी नाना एका झटक्यात गाडी फिरवायचे, मागे न घेता. मागचे सायकलवाले थांबून बघायचे. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं आणि क्लच सोडला. पुढची चाकं जवळजवळ आडवी झाली, खालून पितळेचा काही आवाज येतो का म्हणून मी श्वास धरला होता. काही नाही. चोवीस फुटांत फिरली, कडेच्या दगडाला न लागता. बायको म्हणाली, "पुन्हा कर."